शिडाला तीन चिमटे

विपुलने जीपच्या टपावरून लांबलचक गुंडाळी उतरवली, दुकानाच्या फरशीवर उलगडली आणि फाटलेल्या जागेवर बोट ठेवलं. चांगदेवने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने आधी कापड चिमटीत धरलं, उजेडात धरून न्याहाळलं, नखाने खरवडलं आणि शेवटी वास घेतला.

"प्लॅस्टिक हाये," त्याने निकाल दिला. "आत दोरं टाकल्यात. कशाचं हाय?"

"शीड आहे, काका. विंडसर्फिंगचं. उद्या धरणावर रेस आहे."

"शीड म्हंजी नावंचं?"

"नाव नसते. खाली एक बोर्ड असतो. त्यावर उभं राहायचं, शीड हातांनी धरायचं आणि वाऱ्यावर पळायचं."

चांगदेवने त्याला खालून वर पाहून घेतलं. ओतूरच्या बन्सीलालशेठचा हा नातू. पुण्यात इंजिनिअर झाला, तिथेच नोकरीला लागला. घरातल्या तीन पिढ्यांनी कापड मोजून विकलं होतं. कापड धरून पाण्यावर उभा राहणारा हा पहिलाच.

"फाटलं कसं?"

"फाट्यावर चहाला थांबलो. शेजारून ट्रक गेला, त्याच्या ताडपत्रीचा आकडा अडकला."

"ती ताडपत्री आपली नसनार," चांगदेव शांतपणे म्हणाला. "आपल्या ताडपत्रीचा आकडा भाईर ऱ्हात न्हाई."

ही बढाई नव्हती. आळेफाट्यावरून नाशिकला जाणारा कांदा आणि नगरला जाणारा टोमॅटो बावीस वर्षं चांगदेवच्या ताडपत्रीखालून जात होता. दुकानावर पाटी होती: 'जय मल्हार ताडपत्री. शिवलेलं परत येत नाही.' पाटी लावली त्या दिवशी नारळ फोडायला बन्सीलालशेठच आले होते. "चांगदेव, असं लिहू नकोस, माणूस आहे, चुकतो," असं ते म्हणाले, तेव्हा चांगदेवने चार माणसांदेखत सांगितलं होतं, "ज्या दिवशी एक जरी नग परत आला, त्या दिवशी पाटी मी माज्या हातानं उतरवीन, शेठ." बावीस वर्षांत पाटीला दोनदा रंग दिला होता. उतरवली एकदाही नव्हती.

"दादाजींनी सांगितलं, चांगदेवकडेच जा," विपुल म्हणाला. "उद्या तेच पाहुणे आहेत. सकाळी सातला न्यायला येतो. आणि काका, फाटलंय तेवढंच शिवा. बाकी कशालाही हात लावू नका."

शेवटचं वाक्य चांगदेवच्या मनात कुठेतरी खुपलं. पण त्याच वेळी त्याची नजर जीपवर बांधलेल्या बोर्डावर गेली आणि तो टेप घेऊन बाहेर पडला. आठ फूट लांब, सव्वातीन फूट रुंद.

"ह्यो दरवाजा कुनाचा काढून आनलास?"

विपुल खुलला. "तोच बोर्ड आहे. पूर्वी बारा फूट लांब आणि अरुंद असायचे. गेल्या पाच-सहा वर्षांत लांबी कमी होत गेली नि रुंदी वाढत गेली. आता एवढं मोठं शीड लावायचं तर खाली रुंदी पाहिजेच, नाहीतर तोल जातो."

"आनखी दहा वर्सांनी?"

"काय सांगावं?"

"मी सांगतो. परात हुईल."

विपुल हसत जीपमध्ये बसला. जाता जाता डोलकाठीचे दोन तुकडे ठेवून गेला. कारण चांगदेवने बजावलं होतं, की उभं करून पाहिल्याशिवाय या दुकानातून माल जात नाही. "खालची दोरी जोरात ओढा, म्हणजे उभं राहील," एवढं विपुलने सांगितलं, आणि जीप ओतूरकडे वळली.

फाटलेली जागा म्हणजे चांगदेवला काहीच नव्हतं. दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी, कडेने दुहेरी टीप. तासाभरात काम झालं. मग त्याने डोलकाठी जोडून शिडाच्या बाहीत घातली, दुकानामागच्या दोन लोखंडी खांबांना टेकवून शीड उभं केलं आणि खालची दोरी ओढली. शिडाच्या पोटातल्या पट्ट्या कमानीसारख्या ताणल्या. खालचा भाग सुरेख घट्ट झाला. पण वरची मागची कड ढिली पडली आणि वाऱ्यावर फडफडू लागली.

चांगदेवने दोरी आणखी ओढली. कड आणखी ढिली पडली.

त्याने पाय रोवून, दात आवळून ओढली. आता वरचा तिसरा हिस्सा धुतलेल्या धोतरासारखा लोंबत होता.

जितकं ओढावं तितकं ढिलं! आयुष्यात त्याने असला प्रकार पाहिला नव्हता. ताडपत्रीचा पहिला नियम एकच: फडफडेल ते फाटेल. नारायणगावला जे फडफडतं ते चाकणपर्यंत टिकत नाही. चांगदेव खाली बसला, एक पान खाल्लं आणि त्या कडेकडे पाहत राहिला. पान संपेपर्यंत त्याला उलगडा झाला. कापणी चुकली होती. मागची कड बेतताना तीन बोटं जास्त धरली गेली होती.

"फॉरेनचा झाला तरी शिंपीच," तो स्वतःशी म्हणाला. त्याला त्या अनोळखी शिंप्याची दयाही आली.

आता प्रश्न होता तो विपुलच्या शब्दांचा. बाकी कशालाही हात लावू नका. पण डॉक्टरला बोट दाखवायला नेलं आणि त्याला ताप दिसला, तर त्याने गप्प बसायचं का? शिवाय माल या दुकानातून जाणार होता, आणि तो शेठ पाहणार होते.

चांगदेवने मागच्या कडेला, वरच्या अंगाला तीन चिमटे घेतले. प्रत्येक चिमटा बरोब्बर एक बोट. वर नवारीची पट्टी मारली. पुन्हा शीड उभं केलं, दोरी ओढली, टिचकी मारली. डफासारखा आवाज आला. मग नेहमीच्या रिवाजाने पत्र्याचा छाप ठेवून लाल रंगात, हातभर अक्षरांत, दोन्ही बाजूंनी उमटवलं: जय मल्हार ताडपत्री, आळेफाटा. खाली फोन नंबर.

शनिवारी सातला विपुल आला, गुंडाळी टपावर बांधली आणि गेला. उलगडून पाहायला त्याला वेळ नव्हता. चांगदेवलाही काही सांगायची गरज वाटली नाही. चांगलं काम आपण होऊन बोलतं.

नऊला त्याची मुलगी आरती चहा घेऊन दुकानात आली. ती ओतूरच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती, फिजिक्स घेऊन. चांगदेव ओझरच्या एका मंडळाचा गणपतीचा कापडी बॅनर फरशीवर पसरून बसला होता. कात्री चालवता चालवता त्याने शिडाची सगळी कथा सांगितली: फॉरेनच्या शिंप्याची चूक, तीन चिमटे, डफाचा आवाज.

आरतीने कप खाली ठेवला. "आण्णा, ओढल्यावर वरचं ढिलं पडत होतं?"

"जितकं ओढंल तितकं."

"म्हणजे जास्त ओढलं की जास्त, कमी ओढलं की कमी?"

"व्हय."

"दर वेळी?"

"दर वेळी."

"मग ती चूक कशी असेल? चूक अशी हिशेबात वागत नाही."

"चूक म्हंजी चूक. तुज्या पुस्तकात फडफडनं लिव्हलंय का कुठं?"

आरतीने रद्दीतला कागद ओढून त्यावर शीड काढलं, शेजारी बाण काढले. पाण्यालगत वारा हळू असतो, वर जोरात असतो, असं काहीतरी ती सांगू लागली. चांगदेवने मान हलवली आणि बॅनरवर कात्रीने एक अर्धचंद्र कापला.

"जोराचा झोत आला तर शिडाने काय करायचं, आण्णा? सगळा वारा पोटात घ्यायचा?"

"घट्ट ऱ्हायचं." आणखी एक अर्धचंद्र.

आरतीने कागद बाजूला ठेवला. ती त्याच्या हातांकडे पाहत होती.

"हे काय करताय?"

"खिडक्या पाडतोय बॅनरला. रस्त्यात आडवा टांगनार ना."

"खिडक्या कशाला?"

"वारा जायाला! न्हाईतर वारा कोंडतो, दोन्हीकडचं खांब उपटून बॅनर..."

कात्री थांबली. चांगदेवने बॅनरकडे पाहिलं, रद्दीवरच्या शिडाकडे पाहिलं, आणि मग बराच वेळ कुठेच पाहिलं नाही.

"रेस किती वाजता?" आरतीने हळूच विचारलं.

"साडेधाला."

"गाडीत पेट्रोल आहे?"

एम-एटीवर बापलेक निघाले तेव्हा चांगदेवच्या खिशात लहान कात्री होती आणि डोक्यात एकच विचार. शीड पाण्यात जाण्याआधी तीन चिमटे उसवायचे. मग ते परत आलं असं होणार नाही; आपणच तिथे गेलो असं होईल. हा फरक महत्त्वाचा होता. ओतूरच्या एसटी स्टँडसमोर दोन बैलगाड्या आणि एक ऊसतोडीचा ट्रॅक्टर एकमेकांना वाट देण्याच्या आग्रहात अडकले होते. तिथे वीस मिनिटं गेली. पुढे एम-एटीची चेन उतरली. तीही फडफडत होती, हे चांगदेवच्या लक्षात आलं, पण तो बोलला नाही.

पिंपळगाव जोगे धरणाच्या काठावर ते पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते. वारा नसल्याने रेस उशिरा सुरू झाली होती, पण झाली होती. मांडवात बन्सीलालशेठ पांढऱ्याशुभ्र टोपीत पहिल्या खुर्चीवर बसले होते. माइकवाला ओरडत होता आणि पाण्यावर बारा शिडं होती.

त्यातली अकरा जवळजवळ उभी होती. इतक्या मंद वाऱ्यात त्यांच्या वरच्या ढिल्या कडा आळसावून लोंबत होत्या. बारावं शीड मात्र असेल नसेल तेवढा वारा पोटात धरून एकटंच पुढे चाललं होतं. त्याच्यावरची लाल अक्षरं काठावरून स्वच्छ वाचता येत होती.

"आणि सगळ्यांत पुढे," माइकवाला म्हणाला, "जय मल्हार ताडपत्री, आळेफाटा!"

टाळ्या पडल्या. शेठ उठून उभे राहिले. "चांगदेव! अरे ये, ये! बघितलंस? म्हटलं होतं मी याला, चांगदेवकडेच जा!"

चांगदेवने कात्री खिशात खोल सारली. त्याच्या चेहऱ्यावर बावीस वर्षांचा विश्वास पुन्हा उगवला. "बघ," तो आरतीला म्हणाला. "तुजं पुस्तक कुठंय आनि आपला चिमटा कुठंय."

आरती पाण्याकडे पाहत नव्हती. ती माळशेजकडे पाहत होती. तिकडच्या डोंगराखाली पाण्याचा रंग बदलत होता. गडद निळी पट्टी काठाकाठाने सरकत येत होती.

"आण्णा, वारा येतोय."

"येऊ दे की!"

घाटातून उतरलेला वारा आधी मागच्या अकरा शिडांना लागला. त्यांच्या वरच्या कडा उघडल्या, मिटल्या, पुन्हा उघडल्या, माशाच्या कल्ल्यांसारख्या. जास्तीचा वारा वरून निघून गेला आणि अकराही जण जागेवरून सुटले. मग वारा बाराव्या शिडाला लागला. तिथे निघून जायला वाट नव्हती. शीड ढोलासारखं फुगलं, विपुल मागे रेलला, आणखी रेलला, आणि रुंद बोर्डासकट तिरपा पलीकडच्या काठाकडे निघाला.

"जय मल्हार ताडपत्री वळणाकडे..." माइकवाला थबकला. "जय मल्हार ताडपत्री वळत नाहीये. जय मल्हार सरळ चाललीय. लोकहो, जय मल्हार ताडपत्री रेसच्या बाहेर!"

"कुठं चाललाय हा?" शेठनी विचारलं.

"पलीकडं," चांगदेव म्हणाला. त्याने कात्री पुन्हा बाहेर काढली. "शेठ, तुमच्या बचावाच्या बोटीत मला जागा द्या. चूक माजी हाय."

बोटीत त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर केशरी जाकीट चढवलं. बावीस वर्षांची सवय. जाकिटाच्या खांद्याची टीप कच्ची आहे हे त्याच्या लक्षात आलंच. पण आज मत द्यायचा दिवस नव्हता. आरती समोर बसली होती आणि त्याच्या मुठीतली कात्री पाण्यात पडत नाही ना, हे पाहत होती.

पलीकडच्या काठावर गेणभाऊ म्हणून चांगदेवच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याची पाण्याची मोटर होती. गेणभाऊने बोर्ड वर ओढून घेतला होता आणि शीड बाभळीला दोरीने, ट्रकवर आवळतात तशी गाठ मारून, पक्कं बांधलं होतं. विपुल ओलाचिंब बसून त्याच्या घरचा चहा पीत होता.

"या, चांगदेवभाऊ!" गेणभाऊ म्हणाला. "तुमची ताडपत्री उडून आली. संगं मानूस पन आलाय. नंबर लिव्हलाय म्हनून पोराला फोनवर धाडला व्हता. तुमच्या घरनं वयनी म्हनल्या, आमची ताडपत्री उडत न्हाई, दुसऱ्याची आसंल."

विपुलने कप खाली ठेवला. शिडाकडे पाहिलं, अक्षरांकडे पाहिलं, मग चांगदेवकडे. "काका, मी काय म्हणालो होतो?"

"बाकी कशाला हात लावू नका."

"मग?"

"लावला. आता काढतो."

तो बाभळीखाली मांडी घालून बसला. आपणच घातलेली टीप उसवायला माणसाला दुप्पट वेळ लागतो, असं म्हणतात. चांगदेवला लागला नाही. त्याची टीप कुठे सुरू होते आणि कुठे मरते, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? नवार निघाली. पहिला चिमटा सुटला, दुसरा, तिसरा. विपुलने खालची दोरी ओढली. वरची कड ढिली पडली.

"ह्या ढिलाईला पैसं जास्ती पडत्यात?" चांगदेवने विचारलं.

"सगळं संशोधन त्या ढिलाईतच आहे, काका. पूर्वीची शिडं वरपर्यंत घट्टच असायची. ती किती ढिली पाहिजेत हे कळायला शिडं बनवणाऱ्यांना पंधरा वर्षं लागली."

"आनि मी एका पानात घट्ट केलं," चांगदेव म्हणाला.

विपुल बोर्डावर चढला. आता त्याच वाऱ्यात तेच शीड उघडत-मिटत, पाण्याला जेमतेम टेकत गेलं. बोट परत निघायच्या आधी तो पलीकडे पोचलासुद्धा. दुपारच्या दुसऱ्या फेरीत त्याचा तिसरा नंबर आला. पण ते पाहायला चांगदेव थांबला नाही.

संध्याकाळी पाचला आळेफाट्याच्या दुकानासमोर शिडी लागली होती. चांगदेव वरच्या पायरीवर उभा राहून पाटीचा पहिला स्क्रू काढत होता. खाली आरती शिडी धरून होती.

"आण्णा, शीड परत कुठे आलं? तुम्हीच तिकडे गेलात."

"मी बी तोच हिशेब मांडला व्हता सकाळी. पन मानूस सवताला फशिवतो त्यालाबी हद्द आसती." पहिला स्क्रू त्याने तोंडात धरला आणि दुसऱ्याला हात घातला.

तेवढ्यात जीप येऊन थांबली. विपुल उतरला. पुढच्या सीटवर बन्सीलालशेठ होते. टपावर एक नाही, चार गुंडाळ्या होत्या. चांगदेवने त्या मोजल्या आणि डोळे मिटले. बावीस वर्षांत एक नाही, आणि एका दिवसात चार.

"काका, खाली या. काम आहे. चिमटे परत घालायचेत."

चांगदेवने तोंडातला स्क्रू काढला. "काय?"

"उद्या रेसचा दुसरा दिवस. वारा पडणार म्हणतात. सकाळी मंद वाऱ्यात मी किती पुढे होतो, ते सगळ्यांनी पाहिलंय. माझ्याबरोबरचे तिघं रेसवाले ऐकायलाच तयार नाहीत, त्यांनाही चिमटे पाहिजेत. फक्त वारा आला की सोडता आले पाहिजेत."

चांगदेव शिडीवरच उभा राहिला. खाली आरती रद्दीवर काही काढायला लागली होती, पण त्याला चित्राची गरज नव्हती. ट्रकच्या ताडपत्रीची बाजू तो आयुष्यभर अशीच करत आला होता: काठाला पितळी रिंगा, रिंगांतून एकच दोरी. ओढली की घट्ट, सोडली की ढिली.

"रिंगा मारतो," तो म्हणाला. "दोरी वरून खाली तुज्या हातापाशी आनतो. वाऱ्यानं इचारलं की सोडायची. आनि आरती, तू उभं ऱ्हाऊन सांगायचं किती ढिलं. मी ओढनार न्हाई."

"पुस्तकात बघून सांगू?"

"कुटंबी बघून सांग."

शेठ जीपमधून उतरले, वर अर्धवट लोंबणाऱ्या पाटीकडे पाहून टोपी सारखी करत म्हणाले, "चांगदेव, शब्द म्हणजे शब्द. बावीस वर्षांपूर्वी चार माणसांदेखत म्हणाला होतास. परत आलं ना आज?"

 चांगदेवने हातातल्या स्क्रूकडे पाहिलं, जीपवरच्या गुंडाळ्यांकडे पाहिलं. मग स्क्रू पुन्हा जागेवर लावला आणि शेवटच्या आट्यापर्यंत आवळला.

"शेठ, पाटी नीट वाचा," तो शिडीवरून उतरत म्हणाला. "शिवलेलं परत येत न्हाई. तीन शिडं मी शिवलेलीच न्हाईत. आनि ह्याचं जे परत आलंय, ते उसवलेलं हाये."